‘मी रोज वापरते’

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या हातात माईक आला तो माझ्या नोकरीमुळे नाही, हे मला चांगलं माहीत आहे. चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, आणि त्याबद्दल आजवरच्या एकाही मेळाव्यात मला कोणी प्रश्न विचारलेला नाही. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी डब्यांचे व्हिडिओ करायला लागले आणि माझी एकदम चौकशी सुरू झाली. दहावीच्या निकालानंतरसुद्धा इतकी झाली नव्हती. (गणिताच्या बाई हसतायत. त्यांना तो निकाल आठवत असणार.)

आपल्या ग्रुपवर मला दोन प्रकारचे प्रश्न येतात. एक आईबापांचा : ‘मुलगी म्हणते क्रिएटर होणार, यात पैसे मिळतात म्हणजे नक्की कशाचे मिळतात?’ दुसरा धंदेवाल्यांचा. कोणाचं निगडीत मसाल्याचं दुकान आहे, कोणी चिखलीत क्लास चालवतो. त्यांना एखाद्या रीलवालीकडून जाहिरात करून घ्यायची आहे, पण तिला सांगायचं काय ते कळत नाही. दोन्ही प्रश्न फिरून एकाच कागदापाशी येतात. त्या कागदाला म्हणतात ब्रीफ. ब्रँडला तुमच्याकडून काय हवं आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. आज मी त्या कागदाबद्दलच बोलणार आहे. माझ्या हातून त्यात एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहे. ज्याच्या बाबतीत झाली तो आपला मित्र तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची परवानगी घेतली आहे. ‘नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग,’ म्हणाला.

आधी व्हिडिओ कसले ते सांगते, कारण सगळ्यांनी पाहिले नसतील. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात पाळ्या होत्या. बाबांची एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी, आणि त्यावर अख्ख्या घराचं घड्याळ. दुसऱ्या पाळीचा डबा दुपारी दोनच्या आत भरायचा आणि तो उघडणार संध्याकाळी साडेसातला. मधले साडेपाच तास तो कंपनीच्या बसमध्ये आणि लॉकरमध्ये. त्यात ओल्या खोबऱ्याचा रस्सा चालत नाही, उन्हाळ्यात आंबतो. पोळीची चामडी होते, म्हणून दुधात मळलेल्या दशम्या. भाजी कोरडी, पण घशाखाली उतरेल इतपत ओलसर. आईने हे शास्त्र कुठे लिहून ठेवलं नव्हतं, ते मी व्हिडिओत सांगायला लागले. चाकणला, रांजणगावला, वाळूजला पाळ्या करणाऱ्यांच्या घरी ते बघितले जाऊ लागले. महिन्याला तीन-चार व्हिडिओ, शनिवारी शूटिंग. ऑफिसची लेखी परवानगी काढली आहे. नोकरीवाल्यांनी ती काढाच, नाहीतर नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम आपण विसरतो आणि एचआर विसरत नाही.

पहिलं ब्रीफ आलं तेव्हा मी हुरळून गेले. नऊ पानांची पीडीएफ. ब्रँडने थेट पाठवली नव्हती, मधल्या एजन्सीने पाठवली होती. बहुतेक वेळा असंच असतं. ब्रँडच्या माणसाचं तोंडही तुम्हाला दिसत नाही. पाच पानं ‘ब्रँडचा सूर’ वगैरे, कामाची चार. पंचेचाळीस सेकंदांचं एक रील, लिंकसकट दोन स्टोरी. पहिल्या तीन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव फ्रेममध्ये येता कामा नये. म्हणजे मिक्सरच्या नावावर चिकटपट्टी, तेलाच्या पिशवीचं तोंड भिंतीकडे, आणि भिंतीवरचं कालनिर्णयसुद्धा काढा! मी विचारलं, ‘मराठी स्वयंपाकघर दाखवायचंय ना तुम्हाला?’ त्यावर उत्तर आलं, ‘हो मॅम, पण न्यूट्रल.’

मग स्क्रिप्ट मंजुरी. माझं पहिलंच वाक्य लाल रंगात परत आलं. वाक्य होतं : ‘दुसऱ्या पाळीचा डबा म्हणजे आईची परीक्षा.’ शेरा होता : हा विषय या उत्पादनासाठी संवेदनशील आहे, बदलावा. मला पाच मिनिटं कळेना. मग कळलं की गुरुग्रामच्या मुलीने ‘पाळी’ हा शब्द कुठेतरी टाकून बघितला आणि तिला एकच अर्थ मिळाला. आपल्या गावात कारखान्याच्या भोंग्यावर चाललेला शब्द, पण तो तिला कोण सांगणार? मी एक पान खुलासा लिहिला. शेवटी ‘शिफ्ट’ करून मिळालं.

उलट त्यांनी मराठीत करून पाठवलेली वाक्यं अशी असायची : ‘आपल्या पाककलेच्या प्रवासाला नवी उंची द्या.’ मराठीचे सर, तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थिनीने हे वाक्य कॅमेऱ्यासमोर बोलायचं! तेव्हापासून माझा नियम आहे, मुद्दे तुमचे, वाक्यं माझी. बहुतेक जण मान्य करतात. खरं तर बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात.

आता जरा बाजूला जाते. आपले बाबा लोक काय करायचे, ते इथे सांगायला नको. माझे बाबा भोसरी एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये इन्स्पेक्टर होते. मोठ्या कंपनीकडून ड्रॉइंग यायचं. त्यावर माप, मापाशेजारी टॉलरन्स, म्हणजे किती कमीजास्त चालेल ते. पहिला नग काढायचा, मोजायचा, मंजूर करून घ्यायचा, मगच लॉट. बाबांच्या रिपोर्टमध्ये दोन महत्त्वाचे रकाने असायचे : एकात ड्रॉइंगवरचं माप आणि शेजारी प्रत्यक्ष माप. खाली मोजणाऱ्याची सही. लॉट घाईचा असला की मालक म्हणायचे, मशीन तेच, माणूस तोच, दुसऱ्या रकान्यात तोच आकडा उतरवून टाका. बाबा नाही म्हणायचे. त्यात शौर्य वगैरे नव्हतं. जॉब रिजेक्ट होऊन आला की डेबिट नोट लागायची आणि सही कोणाची आहे ते सगळ्यात आधी बघितलं जायचं.

आणि वस्तू कुठे जाते हेही आपल्याला दिसायचं. आकुर्डीत चेतक बनायची. १९८९ साली दूरदर्शनवर ‘हमारा बजाज’ची जाहिरात लागली तेव्हा आपण तिसरी-चौथीत होतो, आणि आपल्या कॉलनीत ती जाहिरात बघणाऱ्यांपैकी कोणी त्या स्कूटरचा पार्ट केलेला होता, तर कोणी त्याचं माप घेतलेलं. आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर सकाळी सुरू झाली नाही की ते बाबांकडे बघायचे. बाबांनी गिअरबॉक्समधला एक पिन मोजलेला असायचा, पण काकांच्या हिशेबी अख्खी स्कूटर बाबांची. तेव्हा हसू यायचं. तो पिन मला पुढे फार आठवला.

तर, माझी चूक.

२०२१ ची दिवाळी. नॉनस्टिक कढईचं काम आलं, अठरा हजार रुपये. ब्रीफमध्ये ‘आवश्यक वाक्यं’ अशी एक चौकट होती, त्यात तीन वाक्यं. दोन साधी होती. तिसरं होतं : ‘मी रोज वापरते.’ कढई माझ्याकडे येऊन चार दिवस झाले होते. त्यात मी दोनदा भाजी केली होती आणि एकदा शूटिंगसाठी पोहे. मी हे वाक्य बोलले. सहज बोलले. चार-पाच टेक झाले, कारण बाहेरून भंगारवाला ओरडत होता. वाक्यामुळे एकही टेक अडला नाही. मी दिवसभर ऑफिसमध्ये दुसऱ्यांच्या रिक्वायरमेंटमधल्या चुका काढते. ‘सिस्टिम वेगवान असावी’ असं कोणी लिहिलं की विचारते, वेगवान म्हणजे किती सेकंद? इथे ‘रोज’ म्हणजे किती दिवस, हे मी स्वतःला विचारलं नाही.

जाहिरात आहे हेही मी धड सांगितलं नाही. खाली मजकुरात पंचवीस हॅशटॅग, त्यात विसावा की एकविसावा ‘कोलॅब’. इंग्रजीत. बघणाऱ्याने ‘आणखी’वर बोट ठेवलं तरच दिसेल असा.

चाकणजवळ, महाळुंग्याच्या बाजूला एका कंपनीचं कँटीन आपला हा मित्र कंत्राटावर चालवतो. त्याच्याकडे पोळ्या लाटायला, भाज्या करायला बारा बायका आहेत. दिवाळीला त्यांना काहीतरी घरात वापरता येईल असं द्यायचं त्याच्या मनात होतं. त्याने माझा व्हिडिओ बघितला आणि बारा कढया मागवल्या. मला विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय? वर्गातली मुलगी रोज वापरते म्हणते आहे.

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. कढईचा फोटो, तळाचा थर सुटलेला, भाजीत काळे कपटे. खाली लिहिलं होतं : ‘सात-आठ जणींच्या अशा झाल्यात. तू रोज वापरतेस ना, तुझीपण अशीच झाली का?’

मी उठून कपाट उघडलं. माझी कढई नवी कोरी होती. खोक्यात होती.

मी तीन उत्तरं लिहून पुसली. एकात ‘मंद आचेवर वापरायची असते’ होतं, एकात ‘कंपनीकडे तक्रार करूया’. शेवटी लिहिलं, ‘माझी चांगली आहे, कारण मी वापरतच नाही. व्हिडिओचे मला पैसे मिळाले होते.’ दोन निळ्या खुणा उमटल्या. आठ दिवस उत्तर नाही. आठ दिवसांनी त्याने फोन केला. पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, ‘अगं, आधी सांगायचंस ना, जाहिरात आहे म्हणून. मग मी चारशे रुपयांची वस्तू घेताना करतो तेवढा तरी विचार केला असता.’

मी चाकणच्या बाजारातून बारा लोखंडी कढया घेतल्या आणि कँटीनला घेऊन गेले. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत बायका जेवायला बसल्या होत्या. मी काय झालं ते सांगितलं. कोणी रागावलं नाही, ते जास्त अवघड गेलं. एकीने कढई उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, ‘ताई, ही तरी वापरता का?’

‘हो. आईची आहे घरी, तीस वर्षं झाली.’

‘मग हिचाच व्हिडिओ का नाही केला?’

काय सांगणार? लोखंडी कढईची कोण एजन्सी असते, तिचं ब्रीफ कोण पाठवतं? मी खरं ते सांगितलं, की त्याचे पैसे कोणी देत नाही. तिला ते लगेच पटलं. मला पटायला जरा वेळ लागला.

घरी आल्यावर मी व्हिडिओ काढून टाकायला गेले, आणि तेव्हा पहिल्यांदा करार शेवटपर्यंत वाचला. व्हिडिओ सहा महिने ठेवणं बंधनकारक. त्याआधी काढला तर मानधन परत. वस्तूबद्दल प्रतिकूल काही बोलायचं नाही. हे तरी संपणारं होतं. मेमध्ये सहा महिने झाले, त्या दिवशी सकाळी मी तो काढला. पण आणखी एक ओळ होती : तयार झालेलं साहित्य ब्रँडला सर्व माध्यमांत कायमस्वरूपी वापरता येईल. सहीच्या दिवशी मला वाटलं होतं, चांगलं आहे, आपलाच चेहरा जास्त ठिकाणी दिसेल. २०२३ च्या दिवाळी सेलमध्ये मोबाइल चाळताना मीच समोर आले. तीच निळी साडी, तेच पोहे, ‘मी रोज वापरते.’ मी ते बंद करू शकत नाही. गेल्या वर्षीही एका चुलत नणंदेने पाठवलं, ‘किती छान दिसतेस’ म्हणून.

म्हणून तुमच्या मुलांना एवढं जरूर सांगा की करारात पैशांचा आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी बघायचं की आपलं साहित्य ते किती दिवस आणि कुठे वापरणार. मी आता तीन महिने, फक्त समाजमाध्यमं, असं लिहून घेते आणि त्यापुढे वेगळे पैसे मागते. मग बघायचं की आपल्याला कशापासून रोखलं आहे. ‘तीन महिने दुसऱ्या भांड्यांचं काम नाही’ एवढं ठीक आहे. ‘किचनवेअर’ असा शब्द असेल तर त्यात चमचाही आला. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तो आकडा हवा, नाहीतर ‘एक छोटासा बदल’ सात वेळा येतो. आणि पैसे कधी मिळणार. ‘पोस्ट झाल्यावर साठ दिवसांनी’ हे नेहमीचं. भोसरीतले वर्कशॉपवाले हसतायत, त्यांना हे दुखणं जुनं आहे. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, हा २००६ च्या एमएसएमई कायद्याचा नियम सेवा देणाऱ्यालाही लागतो, आणि व्हिडिओ करणं ही सेवाच आहे. मी नोंदणी केली. मेलच्या खाली तो क्रमांक टाकल्यापासून एजन्सीवाले जरा अदबीने बोलतात.

वस्तू फुकट मिळते तिचंही उत्पन्न धरलं जातं, हे अनेकांना ठाऊक नसतं. १ जुलै २०२२ पासून वर्षाला वीस हजारांच्या वर अशी भेट असेल तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा आहे. वस्तू वापरून परत केली तर ती भेट धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. सरकारने परिपत्रकात उदाहरणंसुद्धा दिली आहेत, गाडी, मोबाइल, कपडे. कढईचा उल्लेख नाही.

आणि जाहिरात आहे हे सांगण्याचे नियम. माझा व्हिडिओ गेला तेव्हा ते नव्हते असं मी मनाला समजावलं होतं. ते खोटं होतं. ॲस्की ही जाहिरात उद्योगाची स्वतःची नियामक संस्था १९८५ पासून आहे, आणि तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून, म्हणजे माझ्या कढईच्या पाच महिने आधी लागू झाले होते. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर जाहिरातीची पाटी किमान तीन सेकंद दिसली पाहिजे. दोन मिनिटांच्या आतल्यावर एक तृतीयांश वेळ. माझ्या पंचेचाळीस सेकंदांच्या रीलवर पंधरा सेकंद. हे इतकं मोजमापात लिहिलेलं होतं की बाबा खूश झाले असते. पुढे ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. शिफारस करणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे आणि वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव पाठीशी असला पाहिजे. ‘मी रोज वापरते’ तिथे सरळ नापास. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने इन्फ्लुएन्सरसाठी वेगळी पुस्तिका काढली. तिच्यात म्हटलं आहे की हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका आणि ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची बंदीही येऊ शकते. मात्र आधी खातरजमा केलेली असेल तर शिफारस करणाऱ्याला दंड नाही.

मी आता व्हिडिओच्या सुरुवातीलाच मराठीत ‘जाहिरात’ असं लिहिते आणि तोंडानेही सांगते, ‘याचे मला पैसे मिळालेत.’ एजन्सीवाले म्हणतात, मॅम, लोक पुढे सरकतात. सरकतात काही. एकदोन ब्रँड गेलेही. ‘कोलॅब’ चालेल का, म्हणून अजून विचारतात. ॲस्कीच्या यादीत इंग्रजी ‘कोलॅबरेशन’ आहे. पण दशम्या बघायला आलेल्या माझ्या प्रेक्षक मावशींना त्याचा अर्थ विचारून बघा.

धंदेवाल्यांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. रीलवालीला देताना नऊ पानं लिहू नका. वस्तू आधी पंधरा दिवस वापरायला द्या. तुमचा मसाला इतर मसाल्यांपेक्षा वेगळा कशात आहे, ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर जाहिरातीचं राहू द्या, आधी मसाल्याकडे बघा. काय बोलायचं नाही, तेही लिहा. ‘आमच्या मसाल्याने ॲसिडिटी जाते’ असं ती उत्साहात बोलून जाईल आणि नोटीस तुम्हाला येईल. तिची वाक्यं बदलू नका. लोक तिचंच ऐकायला येतात, आणि तुम्ही पैसे त्याचेच देता आहात. आणि पाटी लावायला तुम्हीच सांगा. ती लावणार नसेल तर दुसरी शोधा.

आता शेवटचं एक, गेल्या वर्षीचं.

पिठाचं काम आलं, कढईच्या अडीचपट पैसे. ब्रीफ चांगलं लिहिलं होतं, भाषासुद्धा बरी. आवश्यक वाक्यांत एक होतं : ‘माझ्या वडिलांची साखर या पिठाने आटोक्यात आली.’ बाबांना वीस वर्षं मधुमेह आहे. हे एजन्सीला माझ्याच जुन्या व्हिडिओवरून कळलं होतं, म्हणजे वाक्य माझ्यासाठी मापाने शिवलेलं होतं. मी प्रिंट काढून बाबांच्या हातात दिली. का दिली ते अजून नीट सांगता येत नाही. नाही म्हणायचं हे मला ठाऊक होतं. पण मुलीच्या बारावीच्या क्लासची फी भरायची होती आणि मला वाटतं, ‘पीठ चांगलंच आहे की’ असं त्यांनी म्हणावं अशी माझी थोडी इच्छा असावी.

त्यांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि समासात उभी रेघ मारली. डावीकडे ‘ड्रॉइंग’, उजवीकडे ‘प्रत्यक्ष’ असं लिहिलं. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, पण अक्षर तेच. ‘चोवीस तास मऊ राहते’ यासमोर लिहिलं, ‘करून बघणे.’ ‘चाळीस टक्के जास्त तंतू’ यासमोर, ‘कशापेक्षा? प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागवणे.’ साखरेच्या वाक्यासमोर ते थांबले. मग मला म्हणाले, ‘हे कोणी मोजलं?’

‘कोणीच नाही.’

‘मग हा आकडा माझ्या नावावर का टाकतात?’

मी पुढे त्यांना नियमही सांगितला. अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दल २०१८ चे जे नियम आहेत, त्यांत पिठाने आजार बरा होतो किंवा आटोक्यात येतो असं बोलता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून तर आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरकडे त्या विषयाची पात्रता लागते आणि ती दाखवावी लागते. माझ्याकडे कॉम्प्युटरची डिग्री आहे. बाबांना त्यात फार रस दिसला नाही. त्यांनी कागदाच्या खाली ‘मोजणाऱ्याची सही’ असं लिहिलं, पुढची जागा रिकामी ठेवली आणि कागद परत दिला.

मी एजन्सीला लिहिलं की हे वाक्य काढा, तंतूंचा रिपोर्ट पाठवा, आणि दशम्यांसाठी हे पीठ दुपारी दोन ते साडेसात डब्यात ठेवून बघते, मऊ राहिलं तर तसं सांगेन, नाही राहिलं तर तेही सांगेन. दोन दिवसांनी उत्तर आलं, ब्रँडने या वेळी दुसऱ्या क्रिएटरची निवड केली आहे, भविष्यात नक्की एकत्र काम करू. क्लासची फी तीन हप्त्यांत भरली.

नमुन्याची पाच किलोची पिशवी घरीच होती. परत न्यायला कोणी आलं नाही. महिनाभर आम्ही त्याच्या दशम्या केल्या. मी डबा भरून ऑफिसला नेला, साडेसातला उघडला. बऱ्या होत्या, कडा थोड्या कडक झाल्या होत्या. बाबांनी तपासणीच्या दिवशी साखर नेहमीसारखीच निघाल्याचं आवर्जून सांगितलं.